तुम्ही कुठले?

नवी ओळख झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न आडनावाचा येतो आणि दुसरा गावाचा. पहिल्या उत्तराने निम्मी माहिती मिळते, दुसऱ्याने उरलेली पक्की होते, आणि मग "अरे वा, म्हणजे अमक्यांचे तुम्ही कोण?" हा तिसरा प्रश्न घेऊन माणूस आपल्या शेजारच्या खुर्चीत ऐसपैस बसतो. यात काही गैर आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. माणूस म्हणजे पत्ता, अशी आमची साधी समजूत. पाकिटावर पत्ताच नसेल तर पोस्टमनने ते टाकायचं कुणाच्या दारात?

घोटाळा एवढाच, की हा पत्ता घरापासून जितकं लांब जावं तितका आखडत जातो. मी अमळनेरचा, त्यातही बोरी नदीच्या पलीकडचा, पैलाडचा. गावात एवढं सांगितलं तरी भागत नाही, गल्ली विचारतात. जळगावात मी नुसता अमळनेरचा होतो. पुण्यात खानदेशी होतो. (त्यावर पुणेकर "म्हणजे विदर्भात ना?" असं विचारतो. मी हल्ली हो म्हणतो. भरिताचं आमंत्रण दिलं की तो कुठेही यायला तयार असतो, मग खानदेश विदर्भात असला काय आणि आसामात असला काय.) दिल्लीच्या स्टेशनावर एका हमालाने मला "बम्बईवाले बाबूजी" करून टाकलं, मुंबईत माझ्या मालकीची वीतभर जागा नसताना. दुबईला गेलो तर तिथे मी 'हिंदी' झालो. अरबीत हिंदुस्थानच्या माणसाला हिंदी म्हणतात. ज्या भाषेत माझी लिंगं आयुष्यभर चुकत आली, त्या भाषेचंच नाव माझ्या कपाळी आलं. लंडनला गेलेले आमचे एक स्नेही तर तिथे 'एशियन' झाले. पैलाडची गल्ली कुठे आणि अख्खा आशिया खंड कुठे!

अमेरिकेची तऱ्हा याहून न्यारी. तिथे १९२३ साली भगतसिंग थिंड नावाच्या पंजाबी गृहस्थांनी सर्वोच्च न्यायालयात दावा मांडला, की आम्ही आर्य, म्हणजे गोऱ्यांचेच भाऊबंद, तेव्हा आम्हाला नागरिक करा. हे गृहस्थ अमेरिकेच्या सैन्यात राहून आलेले होते. न्यायमूर्तींनी सांगितलं, पुस्तकात काहीही असो, रस्त्यावरचा साधा माणूस तुम्हाला गोरा म्हणणार नाही. झालं, दावा निकालात. मग १९७० च्या खानेसुमारीत त्याच अमेरिकेने हिंदी लोकांची गणती गोऱ्यांत केली, आणि १९८० ला पुन्हा त्यांच्यासाठी 'एशियन इंडियन' असा वेगळा रकाना काढला. म्हणजे एखादा आपला माणूस १९७० साली गोरा होता आणि दहा वर्षांत, उन्हातान्हात न फिरतासुद्धा, आशियाई झाला.

आता मी पडलो तत्त्वज्ञानाचा जुना विद्यार्थी आणि गाव पडलं अमळनेर. बाहेरच्या लोकांना हे गाव साने गुरुजींच्या शाळेमुळे ठाऊक असतं, नाहीतर सखाराम महाराजांमुळे, नाहीतर आता २०२४ च्या साहित्य संमेलनामुळे. पण १९१६ पासून या गावात एक तत्त्वज्ञान मंदिर आहे. मिलमालक प्रतापशेठजींनी ते उभं केलं. सरकी, सूत आणि साखळदोऱ्यांच्या हिशेबातून सवड काढून एका शेठजीला ब्रह्माची चौकशी करावीशी वाटली, हे मला त्यांच्या मिलपेक्षा मोठं वाटतं. तिथे कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा बंगाली पंडित येऊन राहिला. १९३३ साली मलकानी, रासबिहारी दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून एक ग्रंथ काढला, त्याचं नाव 'अज्ञान'. एक सिंधी, एक बंगाली, एक दाक्षिणात्य, आणि तिघे मिळून खानदेशात बसून अज्ञानावर लिहितायत! खानदेशी माणसाने यात आपला अपमान समजू नये. विषय वेदान्तातला होता.

त्या वेदान्तात 'उपाधी' नावाचा एक झकास शब्द आहे. आकाश एकच, पण घड्यात कोंडलं की त्याला घटाकाश म्हणायचं आणि मठात कोंडलं की मठाकाश. घडा ही आकाशाची उपाधी. आपल्या बोलण्यात मात्र उपाधी म्हणजे नसती कटकट. "कशाला ती उपाधी मागे लावून घेता?" असं आमची आई म्हणायची. शास्त्रार्थ आणि आईचा अर्थ, दोन्ही एकदम खरे असलेले असे शब्द थोडे. माणूस परदेशी जातो तेव्हा कपडे, लोणचं आणि बिबड्यांबरोबर ही उपाधी आपण न भरताच पेटीत आलेली असते. फरक एवढाच, की लोणचं कस्टमवाले काढून घेतात, उपाधी घेत नाहीत. उलट तिच्यावर आणखी एक चिठ्ठी चिकटवून देतात.

हे नुसतं फॉर्म भरण्यापुरतं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण धंद्यात ही उपाधी म्हणजे भांडवल असते. हे कळायला दुबईला जायला नको, अमळनेरच्या बाजारपेठेतून एक चक्कर मारली तरी पुरे. आम्ही परदेश परदेश म्हणून बाहेर बघतो, पण राजस्थानातून लोटा घेऊन निघालेल्या पोरासाठी खानदेश हाच परदेश होता. भाषा वेगळी, जेवण वेगळं, आणि बँक असलीच तर ती त्याला दारात उभं करणार नाही. अशा वेळी त्याला कोण उभं करायचं? त्याच्या गावचा कुणीतरी आधी येऊन बसलेला असायचा. तो त्याला ओसरीवर झोपायला जागा द्यायचा, पेढीवर हिशेब शिकवायचा आणि दोन वर्षांनी उधारीवर माल देऊन "आता तुझं तू बघ" म्हणायचा. तारण काय? तर त्याचा आजा माहीत आहे, एवढंच. पोराने पैसे बुडवले तर गावाकडे त्याच्या बहिणीचं लग्न जमणार नाही, याहून पक्कं तारण कुठल्या बँकेच्या कागदावर असतं? हुंडीवर सही माणसाची असली तरी चालायची ती गोताची पत.

१९४५ मध्ये मुंबईचे महंमद हाशम प्रेमजी आमच्या गावात आले आणि त्यांनी भुईमुगाच्या तेलापासून वनस्पती तूप करण्याचा कारखाना काढला. गुजराती मुसलमान घराणं, धंदा तांदळाचा. 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' हे नाव उच्चारताना आमच्या वडीलधाऱ्यांची कवळी हलायची. पुढे त्याचंच विप्रो झालं. त्यांच्या तुपाचं नाव सनफ्लॉवर, पण आमच्याकडे सगळ्याच वनस्पती तुपाला डालडा म्हणायची रीत. म्हणजे उपाधीचा हा त्रास डब्यांनासुद्धा चुकलेला नाही. त्या कंपनीचे शेअर अमळनेरात घरोघर गेले. ज्यांनी ते ट्रंकेच्या तळाशी विसरून ठेवले, त्यांची नातवंडं आज दूरदृष्टी या विषयावर बोलतात. सांगायचा मुद्दा असा, की बाहेरून आलेल्या माणसाने गावच्या माणसाला गिऱ्हाईक आणि कामगार यांच्यापलीकडे भागीदार केल्याचं उदाहरणही आमच्याच गावात आहे. सगळेच तसं करत नसत. गोताच्या पतीवर उधार माल मिळणाऱ्या पोराच्या शेजारीच गावातला एखादा हुशार पोरगा त्याच पेढीवर पोती उचलत असायचा. तो चोर नव्हता, आळशी नव्हता. त्याचा आजा फक्त मारवाडात जन्मला नव्हता. पेढीवाल्याला विचारलं तर तो मनापासून म्हणाला असता, "त्याच्याशी आमचं वैर थोडंच आहे?" खरंच नव्हतं. एकावर विश्वास टाकला एवढंच त्याने केलं होतं. दुसऱ्यावर न टाकलेला विश्वास त्याला दिसतच नव्हता, कारण न टाकलेली वस्तू दिसायची कशी?

आणि आपण तरी काय वेगळे? तापी व्हॅलीच्या रेल्वेने सुरत आम्हाला पुण्याहून जवळची. खानदेशातली माणसं गाडीत बसबसून उधना, लिंबायतकडे गेली, मागावर आणि डाइंगमध्ये लागली. एकाने खोली घेतली की तिच्यात गावचे दहा. गुजरात भाजपचे २०२० मध्ये अध्यक्ष झालेले सी. आर. पाटील हे मूळचे जळगाव जिल्ह्यातले. म्हणजे गुजराती इकडे शेठ झाले आणि आमचे पाटील तिकडे अध्यक्ष. हिशेब फिटला म्हणायला हरकत नाही.

एवढं सगळं चिंतन मी आरामखुर्चीत करत असताना दुबईहून भाच्याचा फोन आला. हा माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, मुलगा. प्रताप कॉलेजचा बी. कॉम. तिथे एका व्यापारी कंपनीत हिशेब खात्याचा साहेब आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण जे सांगणार आहे ते एकट्या तिचं नाही. पगार कामावर ठरत नसून पासपोर्टावर ठरतो, असं आखातातल्या कितीतरी कचेऱ्यांबद्दल लोक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. आमच्या भाच्याने हे सोसलेलं. शेजारच्या टेबलावरचा विलायती मनुष्य तेच काम करून त्याच्या तिप्पट पगार घ्यायचा, आणि वर व्हॅटचं कोष्टक याच्याकडून समजून घ्यायचा. सुट्टीवर आला की भाचा आमच्या ओट्यावर बसून या विषयावर असा काही बोलायचा, की शेजारचे रेडिओ बंद करून ऐकायचे.

गंमत म्हणजे याच दुबईत १९६६ पर्यंत आपला रुपया चालत होता. १९५९ पासून तर आपली रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापून पाठवायची. नोट होती तोवर ठीक होतं. मग नोटेच्या जागी माणसं जायला लागली, आणि भाव उतरला.

तर फोनवर प्रश्न असा. त्याच्या खात्यात एक वरची जागा निघाली होती. तिथे चार वर्षं काम करणारी केनियाची एक बाई होती. काम चोख, हिशेब एकटाकी. दुसरीकडे आक्काने एक मुलगा पुढे केला होता. अमळनेरचाच, गरीब घरचा, धडपड्या, आक्काच्या जावेच्या माहेराकडून नात्यातला. आक्काचं म्हणणं एका वाक्यात संपत होतं. "आपला मानूस शे तो!" अहिराणीत हे वाक्य नुसतं विधान नसतं, निकाल असतो.

"मग तुझे मोठे साहेब काय म्हणतात?" मी विचारलं.

"मामा, तीच तर गोम आहे. ते म्हणतात, तुझ्या गावचाच घे. नवा आहे, खालच्या पगारावर येईल. आणि तुझ्या गावचा म्हणजे तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही, तक्रार करणार नाही."

मी खुर्चीत सरळ बसलो. आपला माणूस म्हणजे स्वस्त माणूस, असं समीकरण इतक्या उघडपणे कुणी मांडलेलं मी ऐकलं नव्हतं. पण त्यात नवीन काय होतं? मुंबईच्या गिरण्यांत जॉबर हेच करायचा. आपल्या गावची पोरं आणायची, त्यांना खोली बघून द्यायची, अडीनडीला उसने द्यायचे, आणि त्याबदली दस्तुरी घ्यायची. पोरगं जॉबरविरुद्ध बोलणार कसं? गावाकडे त्याच्या बापाला तोंड दाखवायचंय. मालकाला ते हवंच असायचं. आपलेपणाची लगाम मालकाला फुकट पडते, विणायची ती आपणच.

मी भाच्याला सरळ सांगितलं, "हे बघ, ज्या चिठ्ठीवर तुझा पगार कापला, तीच चिठ्ठी बघून तू दुसऱ्याला आत घेणार, आणि तिसरीला मागे ठेवणार. मग त्या विलायती माणसावर ओट्यावर बसून इतकी वर्षं बोललास ते काय होतं?" वर उपाधी, घटाकाश वगैरेही थोडं सांगितलं.

"मामा, शंकराचार्य पगारपत्रकावर सही करत नव्हते," भाचा म्हणाला. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "आणि मला पहिली नोकरी कुणी दिली, आठवतं का? शारजाला गेलो तेव्हा खिशात काही नव्हतं. चोपड्याच्या एका माणसाने खोलीत जागा दिली, तीन महिने जेवायला घातलं, शेठला शब्द टाकला. का? तर मी अमळनेरचा. त्याने माझी लायकी तपासत बसायचं ठरवलं असतं तर मी आज कुठे असतो?"

यावर शास्त्रार्थ मला सुचला नाही. चोपड्याच्या त्या माणसाने पाप केलं असं म्हणायची माझी जीभ होत नाही. परक्या बाजारात जो पहिल्या दिवशी उभा असतो, त्याला कुणीतरी नुसतं गाव ऐकून भाकरी द्यावीच लागते. लायकी दाखवायला माणूस आधी जगला पाहिजे. अमेरिकेतल्या पटेलांचं बघा. मोटेल घ्यायचं तर भावकीकडून पैसे, कारण बँक देईना. विमा कंपन्यांनी विमा नाकारला. शेजारच्या मोटेलवाल्याने 'अमेरिकन मालकीचे' अशी पाटी लावली, म्हणजे गिऱ्हाइकाने काय समजायचं ते समजावं. ज्या गोताने उभं केलं, तेच गोत पाटीवर उलटून आलं. त्यांनी मग १९८९ साली आपली संघटना काढली, तीही 'एशियन अमेरिकन' याच नावाने. लोकांनी चिकटवलेली चिठ्ठी त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरात रंगवली. मला हे शहाणपणाचं वाटतं. पण प्रत्येक ठिकाणी असं रंगवून सुटता येत नाही. युगांडात १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा कुठला दुकानदार हुशार, कुठला दयाळू, कुणाच्या दोन पिढ्या तिथेच जन्मल्या, याची चौकशी केली नाही. अमीनचा अन्याय तो अन्यायच. तरी त्या दुकानांच्या गल्ल्यामागे, वहीजवळ, एखादा तिथला पोरगा बसवलेला असता तर त्या नव्वद दिवसांत थोडी जास्त माणसं रस्त्यावर आडवी उभी राहिली असती का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

हे सगळं भाच्याला मी फोनवर सांगितलं नाही. आखाताचा फोन आता फुकट झालाय म्हणून काय झालं? मी एवढंच म्हटलं, "चोपड्याच्या माणसाने तुला स्वतःची खोली दिली आणि स्वतःच्या ताटातलं वाढलं. तू जी जागा द्यायला निघालास ती तुझी आहे का?"

तो "बघतो" म्हणाला. खानदेशी माणसाचं "बघतो" म्हणजे बहुधा नाही. पण या वेळी त्याने खरंच बघितलं. जागा त्या बाईला दिली. पगाराबद्दल वरच्यांशी भांडला, तेव्हा मागितलेल्यातला निम्मा मंजूर झाला. साहेब त्याच्यावर नाराज आहेत, आणि पुढच्या वर्षीची बढती बहुधा त्याला भोवणार. त्या मुलाला त्याने स्वतःच्या खर्चाने व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं, महिनाभर आपल्या खोलीत ठेवलं आणि चार ठिकाणी मुलाखतींना पाठवलं. काम जमलं नाही. मुलगा परत आला आणि हल्ली सुरतेला एका डाइंगमध्ये हिशेब बघतो. माझ्याशी नीट बोलतो, पण डोळ्याला डोळा देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिला नसता. तिकडे दोन खोल्यांचं घर आणि इकडे बापाचं कर्ज फिटणं, हे त्या एका "आपला मानूस शे" वर टांगलेलं होतं, आणि ते कापायला मी कात्री पुरवली. न्याय झाला असं म्हणायला माझी हरकत नाही. फक्त तो त्याच्या बापासमोर मोठ्याने म्हणायला मला सांगू नका.

आक्का दोन महिने माझ्याशी बोलली नाही. मग मध्ये तिने भाच्याला नेहमीप्रमाणे बिबड्या पाठवल्या. त्याने त्या ऑफिसात नेल्या, आणि त्या केनियाच्या बाईला इतक्या आवडल्या की तिने आक्काशी व्हिडिओ कॉलवर बोलायचा हट्ट धरला. भाचा मधे बसून दुभाष्याचं काम करत होता, पण त्याचं फारसं काम पडलं नाही. आक्का "चपाती" म्हणाली, तर ती "चपाती" म्हणाली. त्यांच्या स्वाहिलीत चपातीला चपातीच म्हणतात, मोटारगाडीला 'गारी', विम्याला 'बिमा', दुकानाला 'डुका', आणि लाखाला 'लाकी'. आपले लोक शंभर वर्षांपूर्वी तिकडे काय काय विकून आले ते त्या भाषेच्या वहीत अजून नावे पडलेलं आहे. बत्तीस हजार मजूर हिंदुस्थानातून तिथली रेल्वे बांधायला गेले होते. १९०१ मध्ये रूळ सरोवरापर्यंत पोचले, आणि रुळांच्या मागोमाग दुकानं.

बोलणं संपत आलं तेव्हा आक्काने मुलाला मराठीत विचारलं, "ही कुठली रे?"

"आई, नैरोबीची."

"नैरोबीतली कुठली?"

भाच्याने तिला विचारलं. ती म्हणाली, राहायला नैरोबीत, पण मूळ गाव किसुमू, सरोवराच्या काठी.

"मग तसं सांग ना आधी!" आक्का म्हणाली, आणि पुढच्या पार्सलात बिबड्यांचा दुसरा डबा बांधायला घेतला.